किंवा आई

टाइपिस्ट बाईंना मसुदा टाइप करायचा होता, मत द्यायचं नव्हतं. पहिल्याच दिवशी त्यांना तसं बजावलेलं. देश नवा, त्याची घटना लिहिणारी सभा नवी. जुने काय ते कचेरीतले टाइपरायटर. आठ महिने बाईंनी निमूटपणे कलमामागून कलम बडवलं. चूक नाही, खाडाखोड नाही.

मग नागरिकत्वाचं कलम आलं. ज्याचे वडील या देशाचे नागरिक, तो या देशाचा नागरिक.

बाईंचे हात थांबले. त्यांची लेक अकरा वर्षांची. तिचा बाप जुन्या राजवटीच्या फौजेतला. राजवट गेली तसा तोही जहाजात बसून गेला. ना पत्र, ना पत्ता. म्हणजे इथेच जन्मलेली, इथल्याच शाळेत पाढे घोकणारी पोर उद्यापासून कोणाचीच नाही! बाईंना असा संताप आला म्हणता! नऊ महिने पोटात वाढवली, ती काय परदेशात?

त्यांनी ‘वडील’नंतर ‘किंवा आई’ टाइप केलं आणि कागद छपाईला दिला. दोनशे प्रती निघाल्या, त्याच संध्याकाळी सभासदांच्या घरी पोचल्या.

सकाळी अध्यक्षांनी बोलावलं. म्हातारा माणूस, पण आवाज खणखणीत.

"बाई, हे माझ्या हस्तलिखितात नाही."

"नाही साहेब. मी घातलं."

"का?"

बाईंनी सांगितलं.

अध्यक्षांनी कपाळावर हात मारला. नियम त्यांचाच होता: एकदा वाटलेला कागद सभेचा झाला. त्यातलं अक्षरही काढायचं तर सभासदाने उठून तशी सूचना मांडायची. कारकुनांनी गुपचूप फिरवाफिरव करू नये म्हणून केलेला नियम, आणि आता तोच त्यांच्या गळ्यात!

"मी सभेला खरं ते सांगणार," ते म्हणाले. "तुमची गय करणार नाही."

सभा भरताच त्यांनी सगळं जसंच्या तसं सांगितलं. बाई दारापाशी उभ्या होत्या.

"हे दोन शब्द टाइपिस्टने घुसवलेत," अध्यक्ष म्हणाले. "ज्यांना ते काढून टाकायचे असतील, त्यांनी उभं राहावं."

दोनशे माणसं बसूनच. 'आईला काढा' म्हणायला पहिलं उठायचं कोणी? शेवटी पुढच्या रांगेतले एक जाडजूड वकील अर्धवट उठले. अख्खी सभा त्यांच्याकडे वळली. बाईंनी दाराची चौकट घट्ट धरली.

वकीलसाहेबांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. "मला फक्त खिडकी उघडायची होती," ते म्हणाले आणि बसले. खिडकी काही उघडली नाही.

कलम आहे तसं मंजूर झालं. बाहेर पडताना अध्यक्ष दारापाशी थांबले.

"उद्यापासून येऊ नका, बाई. आज तुम्ही चांगलं घातलंत, उद्या दुसरा कोणी वाईट घालेल. मला तुम्हाला ठेवता येणार नाही."

"बरोबर आहे, साहेब," बाई म्हणाल्या, आणि त्यांना ते खरंच पटलं होतं.

भरदुपारी आई घरी आलेली पाहून लेक चपापली.

"आई, नोकरी गेली?"

"गेली," बाईंनी तिला जवळ ओढलं. "तू राहिलीस."