मेलेल्या गाडीचं पुस्तक

हे लिहिणारच नव्हतो. टाइप केलं, पुसलं, परत केलं. म्हटलं, एका म्हाताऱ्याने सरकारी कागदाला भोक पाडून घेतलं, यात सांगण्यासारखं काय? पण डोक्यातून जाईना.

पान्या माझा मित्र. जुन्या गाड्यांचं डेंटिंग-पेंटिंग करतो. त्याच्या वडिलांना आम्ही सगळे दादा म्हणतो. दादांनी जन्मभर एकच गाडी भाड्याने चालवली. काळी, गोल दिव्यांची, आता मिळत नाही असली. गोदामाची भिंत तिच्यावर पडली आणि ती भंगारात गेली. नियम असा, की चॅसी नंबर कोरलेली पट्टी कापून आरसी बुकासोबत आरटीओ ऑफिसात जमा करायची. म्हणजे गाडी कागदावरही संपते. दादांनी पट्टी स्वतः कापली, पण जमा करायला हात धजला नाही. दोन्ही वर्षानुवर्षं गादीखाली ठेवली.

परवा शेठ आला. जुन्या गाड्यांचा व्यापारी. दादांनी आरसी बुक जपून ठेवलंय, हे त्याला कुठून तरी कळलं होतं. येताना तीच गाडी घेऊन आला. म्हणजे तीच नव्हे, तशीच. चकाचक. दादा बाहेर आले आणि जागीच थिजले. मग बॉनेटवर हात ठेवला, ताप बघतात तसा. मी पण बघतच राहिलो. लोखंड इतकं सुंदर असू शकतं?

"बसा ना दादा, तुमचीच समजा."

दादा बसले. दार लावलं. काय तो आवाज! तिजोरीसारखा.

शेठ पान्याकडे वळला. "हिला कागद नाहीत. तुमचं पुस्तक आणि पट्टी द्या, वेल्डिंग करून बसवतो. जुना नंबर म्हणजे सोनं रे! आणि माझ्या सगळ्या गाड्या रंगवायला तुझ्याकडे. कायमच्या."

पान्याचा चेहरा खुलला. बिचारा उघड्यावर रंग मारतो. धूळ बसली की परत घासा. कायमचं काम आलं तर शेड तरी बांधता येईल.

दादांनी आतूनच विचारलं, "हिचा स्वतःचा नंबर कुठाय?"

"घासून टाकला."

"का?"

"अहो, कशाला खोलात शिरता?"

"कुणाच्या तरी दारातून उचललीये ना?"

शेठ हसला. "तुमची गाडी परत जिवंत होतेय दादा. आनंद माना की!"

दादा स्टिअरिंग धरून बसून राहिले. खूप वेळ. डोळे भरले होते, लपवलेही नाहीत. मग उतरले आणि दार अगदी हळू लावलं, आत कुणी झोपलं असावं तसं.

"फार देखणी आहे," ते म्हणाले. "पण माझी मेली. तिच्या नावावर दुसऱ्याची खपवायची नाही."

शेठ गाडी घेऊन गेला आणि पान्या भडकला. "मेलेल्या गाडीसाठी जिवंत पोराचं काम घालवलंत, बाबा!"

दादा आत निघून गेले.

दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, "बाइक काढ." ऑफिसात क्लार्कने पुस्तक उलटंपालटं करून बघितलं.

"आजोबा, इतक्या वर्षांनी? लोक हे विकतात हो."

"म्हणून तर आलो."

क्लार्कने पट्टीवरच्या नंबरावर छिन्नीने आडवी रेघ मारली. मग पुस्तकाला पंच लावला. खट्. दादा तेवढा वेळ ताठ उभे होते. आणि का कोण जाणे, क्लार्कही खुर्चीतून उठून उभा राहिला. दादा एवढा साधा माणूस, पण त्या क्षणी मला त्यांच्या शेजारी उभं राहायचीही भीती वाटली.

संध्याकाळी पान्याला सगळं सांगितलं. तो एक दार घासत होता. घासतच राहिला. मग पॉलिश पेपर टाकला आणि आतून एक डबा आणला. डब्यात आरसी बुकं. भंगारात गेलेल्या गाड्यांची, गिऱ्हाइकांनी त्याच्याकडेच सोडलेली.

"शेठला यांचा पत्ता नाही," तो म्हणाला.

"मग?"

"सोमवारी चल माझ्यासोबत ऑफिसला. एकटा निघालो ना, तर अर्ध्या रस्त्यातून शेठकडे वळेन रे."

"येतो," मी म्हटलं. "आणि वळलास तर कॉलर धरून नेतो."