काठोकाठ प्याला

तालायने मला पहिल्यांदा मारलं ते लग्नाच्या अकराव्या दिवशी, आणि त्याच्या गाडीतला हवा मोजणारा सेन्सर फुटला तो सहाव्या वर्षी. दोन्हींचं खापर माझ्याच डोक्यावर फुटलं.

मारून झालं की माझी सासू, म्हणजे आपा, चहा घेऊन यायच्या. आमच्यात प्याला अर्धाच भरतात. पुन्हा पुन्हा ओतायला मिळावा, माणसाने बसून राहावं, ही त्यातली माया. काठोकाठ भरून दिला की समजायचं, उठा आणि वाट धरा. आपा अर्धा प्याला पुढे करायच्या आणि म्हणायच्या, "दगड पडतो तिथंच जड होतो, सूनबाई. दिल्या घरीच राहायचं. प्या." फुटक्या ओठांनी मी प्यायचे. मनातल्या मनात म्हणायचे, तुमचा हा दगड एकदा तुमच्याच डोक्यात घालीन.

आता सेन्सरचं. पेट्रोल परवडत नाही म्हणून आमच्या गावात जो तो गाडीत गॅसची टाकी बसवून घेतो. पण थंडीत इंजिन आधी पेट्रोलवर तापवायचं, मग गॅसवर न्यायचं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. तालायला दम कुठला? त्याने थेट गॅसवर चावी फिरवली. भडका उलटा नळीत शिरला, धाडकन आवाज झाला आणि सेन्सरच्या ठिकऱ्या उडाल्या.

"सकाळी सकाळी तुझं तोंड बघितलं ना," असं म्हणून त्याने माझ्या कानाखाली जाळ काढला. नाचता येईना अंगण वाकडं.

त्याच्या आदल्याच आठवड्यात माझी चार वर्षांची लेक बेर्मेत मध्ये पडली, तर त्याने तिला उचलून भिंतीवर आपटलं होतं. माझं मी सोसत आले होते. ते मात्र मला सोसवेना. मी ठरवलं, ही गाडी सुरू झाली की बेर्मेतला घेऊन हिच्यातूनच जायचं. दुसरी वाट नव्हती. गावातून जाणारी एकच मिनीबस, आणि ती चालवणारा त्याचा चुलतभाऊ.

माझे वडील काराकोल शहरात गाड्या दुरुस्त करतात. सेन्सर फुकट मिळेल म्हटल्यावर तालायनेच मला फोन करायला लावला. वडिलांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पेट्रोल आहे का टाकीत?"

"आहे."

"किती?"

"काराकोलपर्यंत."

त्यांनी फोन ठेवला. चौथ्या दिवशी त्याच चुलतभावाच्या मिनीबसमधून लोकरीच्या नमद्यात गुंडाळलेला सेन्सर आला.

रविवारी जनावरांचा बाजार. तालायने पहाटेच दोन मेंढ्या पाय बांधून डिकीत घातल्या, फाटक उघडलं आणि बॉनेट वर केलं. बायकोने पाना धरलेला त्याला चालत नव्हता. सेन्सर त्याने स्वतः बसवला. गाडी खोकली आणि बंद पडली. तीन वेळा तेच.

मी म्हटलं, "उलटा बसलाय तो. त्याच्यावर बाण आहे बघा, तो इंजिनाकडे पाहिजे."

त्याने पाना माझ्या अंगावर फेकला. खांद्याला लागला. "कर मग तूच. मोठी मेकॅनिकची लेक."

मी केलं. प्लग ओढून काढला, दोन्ही बाजूंच्या क्लिपा सैल केल्या, सेन्सर फिरवून बाण इंजिनाकडे केला, क्लिपा आवळल्या, प्लग खट् होईपर्यंत दाबला. दहा मिनिटांचं काम. चावी फिरवली आणि गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली, पेट्रोलवर, एकसारखी.

तेच त्याला झोंबलं. एक क्लिप पुन्हा बघायला मी वाकले, तेव्हा त्याने बॉनेट खाली आपटलं. माझा डावा हात आत होता. हाडं मोडल्याचा आवाज इंजिनाच्या आवाजातही मला ऐकू आला. मी ओरडले नाही, बेर्मेत खिडकीत होती. उजव्या हाताने बॉनेट उचललं, हात काढला, दोन बोटं भलतीकडेच वळली होती. तोवर त्याने माझी वेणी पकडली आणि कपाळ गाडीवर आदळलं. एकदा. दोनदा. डोळ्यांत रक्त उतरलं.

"बापाला सांगशील? सांग ना. सांग."

पाना पायाशी पडला होता. मी बसकण मारली, तो उचलला आणि सगळा जीव एकवटून त्याच्या गुडघ्यावर घातला. तो कोसळला. मी दुसऱ्यांदा घातला, त्याच गुडघ्यावर. तिसऱ्यांदा हात उचलला तो डोक्यासाठी होता, खोटं कशाला सांगू.

"सूनबाई."

आपा दारात उभ्या होत्या, हातात किटली आणि प्याला. नेहमीसारख्याच. मला वाटलं, आता पुन्हा तो दगड. त्या अंगण ओलांडून आल्या, लेकाकडे बघितलंही नाही, आणि माझ्यासमोर चहा ओतू लागल्या. प्याला अर्धा झाला. त्या थांबल्या नाहीत. चहा काठाला टेकला, काठावरून त्यांच्या बोटांवर सांडला, तरी ओततच राहिल्या.

तालाय जमिनीवरून म्हणाला, "आई, काय करतेस तू हे?"

"प्या," आपा मला म्हणाल्या. "पोरीला बूट घातलेत मी."

तो उकळता चहा मी एका दमात प्यायले. जीभ पोळली. असा प्याला टाकून जात नाहीत. आपांनी बेर्मेतला आणून मागच्या सीटवर बसवलं. मी बॉनेट दाबून बंद केलं, आत बसले, डाव्या मनगटाने स्टिअरिंग दाबून धरलं आणि उजव्या हाताने गिअर टाकला. मेंढ्यांसकट निघाले.

फाटकातून बाहेर पडताना आरशात बघितलं. तालाय भिंतीला धरून उठला होता आणि त्याने खुंटीवरचा घोड्याचा चाबूक काढला होता. आपा फाटकाच्या मधोमध उभ्या होत्या, त्याच्याकडे तोंड करून, हातात तो रिकामा प्याला. चाबूक खाली आलेला मी बघितला. प्याला पडलेला बघितला. आपा हलल्या नाहीत.

मी गाडी थांबवली नाही.