नोंदवहीतला पाऊस

"लिही रुची, अठरा पॉइंट दोन." सकाळी साडेआठला बाबांचा हा आवाज यायचा. काचेचं मोजपात्र डोळ्यांसमोर धरून ते आकडा सांगत, आणि सात वर्षांची रुचिरा तो नोंदवहीत उतरवी. बाबा बोलतील तेवढाच पाऊस पडतो, असं तिला वाटे.

तीस वर्षांनी रुचिरा नेपियर टाउनमधल्या कार्यालयात दुष्काळाची पाहणी करते. नुसत्या पावसावर निकाल देऊ नका. मातीची ओल बघा, विहिरींची पातळी बघा, वरून उपग्रहाला शेत किती हिरवं दिसतं ते बघा, हे साहेबांच्या गळी तिनंच उतरवलं. यंदा ही पद्धत नेमकी बाबांच्या जुन्या पर्जन्यमापन केंद्रापाशी अडली. माती कोरडी, विहिरी खोल, धान पिवळं. पाऊस मात्र सरासरीच्या पंच्याण्णव टक्के. साहेब म्हणाले, ही तहसील दुष्काळाच्या यादीतून काढू. रुचिरानं सोमवारपर्यंत मुदत मागितली. तीन खुणा एक सांगतात, तर चौथीचीच, पावसाच्या आकड्याची, उलटतपासणी करायची, याबद्दल तिच्या मनात शंका नव्हती.

रविवारी ती आलेख घेऊन बाबांपुढे बसली. शेजारच्या केंद्रांपेक्षा इथला पाऊस दर वर्षी जरासा कमी, आणखी जरासा कमी. तीन वर्षांपूर्वी, बाबा निवृत्त झाले तेव्हा, एकदम बरोबरीला. जुने आकडे कमी म्हणून सरासरी कमी, आणि म्हणून यंदाचा तुटपुंजा पाऊसही भरल्यासारखा दिसतो, असं तिनं समजावलं.

बाबा म्हणाले, भांडं गळकं नव्हतं. म्हणाले, एक दिवस खाडा नाही. मग चहा घेशील का म्हणाले.

"काहून टाळून राहिले, बाबा? तहसील यादीत नाही आली तर टँकर नाही, चारा नाही. तुमचं वाचन चुकलं असं मी म्हणतच नाही. पण तिथं काहीतरी हळूहळू वाढलं आणि एका वर्षात गेलं. पाऊस असा वागत नाही."

स्वयंपाकघरात आईच्या बांगड्या वाजत होत्या. बाबांनी तिकडे पाहिलं, आवाज खाली आणला.

"आवळा होता. फांद्या पार पर्जन्यमापकावर आलेल्या. तोडायचा हुकूम दोनदा आला. पण दर कार्तिकात तुझी आई क्वार्टरमधल्या साऱ्या बायकांना त्याच्याखाली जेवू घालायची, कसा तोडू? शेवटी मी निवृत्त झालो त्या वर्षी वादळातच पडला. तोवर तपासणीच्या रकान्यात दर वर्षी 'जागा मोकळी' असं मीच लिहिलं. नव्हती मोकळी."