रोममधला आखाडा

पावसानं सकाळपासून धार धरली होती, तरी रोम बघायला जाणाऱ्या लॉरीत चढायला एकही गडी मागं राहिला नाही. हवालदार नानासो मोहित्यांनी छावणीत आदल्या दिवशीच सांगून टाकलं होतं की, ज्याला तंबूत पडून राहायचं असेल त्यानं खुशाल पडावं, उद्या रजेचा शेवटचा दिवस आहे, परवा पुन्हा डोंगरात जर्मनांपुढं आघाडीवर जायचं आहे. आघाडीचं नाव काढल्यावर कोण झोपणार? वीस जण रबरी बरसात्या पांघरून लॉरीत दाटीवाटीनं बसले आणि सगळ्यात पुढं, केबिनच्या पाठीला टेकून, गुंडा बसला.

गुंडा वडूजकडचा. त्याच्या गावात ढग यायचे ते नुसते तोंड दाखवून जायला. त्यामुळं इटलीत महिनाभर चाललेल्या पावसाला बाकीचे शिव्या घालत, तेव्हा गुंडाला मनातून मजा वाटे. ह्यातला आठ दिवसांचा पाऊस जरी आपल्या पट्टीवर पडला असता तरी दोन वर्षांची ज्वारी निघाली असती, असा हिशेब तो मांडत बसे.

त्याच्या शेजारी पायगोंडा होता. हा सांगलीजवळच्या समडोळीचा जैन, जखमींना उचलून नेणाऱ्या तुकडीतला. सैन्यात चार वर्षं काढूनही त्यानं अंड्याला हात लावला नव्हता. लष्करी डब्यातलं अन्न चालत नाही म्हणून बिचारा जिथं मुक्काम पडेल तिथल्या शेतकरणींकडं दूध, टोमॅटो, वाटाणे मागत हिंडायचा, आणि त्या मागण्यातूनच तो इटालियन बोलायला शिकला होता. पलटणीत साहेबांनाही अडलं की पायगोंडाला हाक जायची.

लॉरी थांबली ती कलोसियमपाशी. गुंडा खाली उतरला आणि वर बघतच राहिला. दगडी कमानींवर कमानी, त्यावर आणखी कमानी, एक बाजू ढासळलेली आणि सगळ्या दगडांवरनं पाणी ओघळत होतं. आत शिरल्यावर त्यानं मधल्या खोलगट जागेकडं आणि भोवतीच्या उतरत्या पायऱ्यांकडं पाहिलं, आणि त्याला एकदम उमगलं.

“पायगोंडा, ह्यो आखाडा हाय,” तो म्हणाला. “कुस्तीचाच आखाडा.”

पायगोंडानं समजावून सांगितलं की इथं माणसं तलवारीनं लढायची, वाघसिंहांशीही लढायची. पण गुंडाचं अर्धं लक्ष नव्हतं. तो पावलं टाकून घेर मोजायला लागला होता. हलगीवाला कुठं बसत असेल, पैलवान कुठल्या दारानं येत असतील, मागच्या पायरीवरच्या माणसाला डाव दिसत असेल का, असं त्याचं चाललं होतं. त्याचा थोरला भाऊ जोतिबा औंधच्या मैदानात लढलेला पैलवान. हे त्यानं बघितलं असतं तर इथंच लंगोट कसला असता, असं गुंडाच्या मनात आलं. जोतिबा मोटार ड्रायव्हर म्हणून भरती झाला होता. इजिप्तमधून त्याचं शेवटचं पत्र आलं त्याला आठ महिने झाले होते. आई, राहीबाई, शाळामास्तरांकडून लिहून घेतलेल्या दर पत्रात तेवढंच एक विचारायची: जोतिबाचं काही कळलं का?

बाहेर पडताना एका कमानीखाली म्हातारा फोटोवाला उभा होता. पाऊस लागू नये म्हणून त्यानं कॅमेऱ्यावर मेणकापड टाकलं होतं. शेजारी एक फळी, तिच्यावर सोजिरांचे फोटो लावलेले: गोरे, काळे, शीख, गुरखे, सगळे ह्याच कलोसियमपुढं छाती काढून उभे. गुंडा सहज बघत गेला आणि तिसऱ्या ओळीत त्याची नजर अडकली.

डावा खांदा किंचित वर. कान मोडलेला, भज्यासारखा. ओठ घट्ट मिटलेले, कारण पुढचा एक दात नव्हता आणि फोटोत तो दिसू नये ही जोतिबाची जुनी खोड होती.

गुंडानं पायगोंडाचा दंड असा आवळला की तो कळवळला. “त्याला इच्यार. ह्यो फोटू कवाचा, इच्यार.”

पायगोंडानं विचारलं. म्हातारा हातवारे करीत भराभरा बोलला. पायगोंडा ऐकत गेला तसा त्याचा आवाज बदलला. फोटो कालचा होता. फळीवरचा हा नमुना, दुसरी प्रत म्हाताऱ्याच्या दुकानात, आणि ती न्यायला तो शिपाई आज दुपारच्या आत येणार होता, कारण त्याची मोटार दुपारनंतर बंदराकडं निघणार होती.

साडेदहा वाजले होते.

नानासो शिस्तीचे कडक. टोळी सोडून कुणी जायचं नाही, हा त्यांचा हुकूम सकाळीच झाला होता. गुंडा त्यांच्यापुढं ताठ उभा राहिला, पण बोलताना त्याची गाडी दोनदा अडली. हवालदारांनी फळीजवळ जाऊन फोटो पाहिला, मग गुंडाच्या तोंडाकडं पाहिलं.

“सख्खा?”

“सख्खा, साहेब. पाठचा मी.”

“तीन वाजता नदीच्या पुलावर लॉरी उभी असंल, देवदूतांचे पुतळे हायत त्या पुलावर. तुमी न्हाई दिसला तर माझ्या फिती जातील. पायगोंडा, तू ह्याच्याबरोबर जा.”

म्हाताऱ्याला गुंडानं सिगारेटची दोन पाकिटं दिली. त्यावर म्हातारा असा खूश झाला की नुसता रस्ता सांगून थांबला नाही. फळी काखेत मारून, फाटकी छत्री उघडून तो स्वतःच पुढं चालू लागला. वय सत्तरीचं, पण पाय हरणाचे. मागं हे दोघं बुटांतून पाणी उडवत धावत होते. काय काय मागं पडत होतं! पांढऱ्या दगडाचा एक महाल आला, त्याच्या माथ्यावर रथ. घोडागाडीवाला पोतं पांघरून बसलेला. गल्लीच्या तोंडाशी कारंजं होतं आणि वरून एवढा पाऊस पडत असताना तेही आपलं उडतच होतं. गुंडाला धावता धावता हसू आलं. कधी नाही ते त्याच्या अंगात वारं शिरल्यासारखं झालं होतं.

दुकान लागलं. फोटोवाल्याची बायको दारात आली आणि तिनं कपाळाला हात लावला. शिपाई येऊन फोटो घेऊन गेला होता, नुकताच.

गुंडा माघारी वळला. पायगोंडा मात्र शेतकरणींशी बोलून तयार झालेला. दूध नाही म्हटलं की तो लगेच परत फिरत नसे. त्यानं बाईला हळू हळू विचारत नेलं. शिपाई काही म्हणाला का? कुठल्या अंगाला वळला? बाई आठवून सांगू लागली. त्यानं खुणेनं विचारलं होतं की, पाऊस थांबेपर्यंत जवळपास बघण्यासारखं काय आहे, आणि तिनं त्याला पँथिऑन नावाच्या जुन्या देवळाची वाट दाखवली होती. दोन गल्ल्या पलीकडं.

ते तिथं कसे पोचले ते गुंडाला पुढं कधी सांगता आलं नाही. जाड जाड खांब होते, उंच पितळी दार होतं आणि आत एकदम शांत. डोक्यावर प्रचंड मोठा घुमट, आणि घुमटाच्या मधोमध भलं मोठं गोल भोक. त्यातून पाऊस सरळ आत पडत होता. धुरकट उजेडात पाण्याचा खांब उभा केल्यासारखा तो दिसत होता. फरशीवर पडलेलं पाणी बारक्या भोकांतून आपोआप खाली मुरत होतं. पाच-पंचवीस माणसं भिंतीला धरून उभी होती. त्या पाण्याच्या अगदी कडेला, मान वर करून, एकच माणूस होता. डावा खांदा किंचित वर.

“दादा,” गुंडा म्हणाला.

घुमटानं तो आवाज उचलला आणि चहूकडून परत दिला. जोतिबा हलला नाही. भास झाला असेल असं वाटून त्यानं फक्त मान खाली केली. मग वळला. दोघांच्या मध्ये पाऊस पडत होता. जोतिबा त्या पावसातूनच सरळ चालत आला आणि त्यानं गुंडाला कमरेत धरून लहानपणी उचलायचा तसा वर उचलला.

खाली ठेवल्यावर त्याचा पहिला प्रश्न होता, “आई?”

“बरी हाय. तुझ्या पत्राची वाट बघती.”

“मी चार धाडली रं.” जोतिबाचा चेहरा पडला. “कावीळ झाली, दवाखान्यात पडलो, तिथनंसुद्धा एक धाडलं, हिकडं इटलीत आल्यावर एक. एकबी न्हाई पोचलं?”

एकही पोचलं नव्हतं. पायगोंडानं खिशातली पेन्सिल आणि लष्करी पत्राचा कागद काढला, भिंतीकडंच्या दगडी ओट्यावर बसला आणि म्हणाला की, पहिल्यांदा ते काम उरकून घेऊ. जोतिबा सांगत गेला, पायगोंडा लिहीत गेला. गावाचं नाव लिहायला मनाई होती, म्हणून एवढंच लिहिलं की दोघं भाऊ एका मोठ्या देवळात भेटले, दोघांची तब्येत उत्तम आहे, पाऊस भरपूर आहे. खाली जोतिबानं पेन्सिलीचं शिसं चोळून आपला अंगठा उठवला आणि गुंडानं आपली सही केली, म्हणजे आईला खात्री पटावी.

मग तिघांना कळलं की हातात अजून अडीच तास आहेत. दुकानातून मागोमाग आलेला फोटोवाला म्हातारा एवढा वेळ देवळाच्या दारात डोळे पुसत उभा होता, तोही बरोबर निघाला. त्यांनी नदी ओलांडली, थोरल्या चर्चपुढचं खांबांचं रिंगण बघितलं, आत गेले, आणि वर जाणारा जिना दिसताच जोतिबानं गुंडाशी शर्यत लावली. पाच-साडेपाचशे पायऱ्या. पायगोंडा निम्म्यात बसला आणि त्यानं दोघांनाही वेड्यात काढलं. वर पोचल्यावर ढगाशिवाय काहीच दिसेना. पण वाऱ्यानं तो मध्येच फाटला आणि सगळं रोम खाली उघडं पडलं: ओली लाल कौलं, घुमटच घुमट, आणि मधून वळत गेलेली पिवळट नदी. जोतिबा दम खात म्हणाला की, कृष्णा पुरात असली की कराडच्या पुलावरून अशीच दिसते. गुंडानं त्याला सकाळचा आखाडा सांगितला. काल आपणही पावलं मोजली, म्हणून जोतिबानं आपला आकडा सांगितला. दोघांचे आकडे जुळेनात. त्यावरून ते खाली उतरेपर्यंत भांडले.

पुलावर लॉरी उभी होती. नानासोंनी घड्याळ बघितलं. मग त्यांनी जोतिबाशी हात मिळवला आणि त्याला चहाचा मग दिला. जोतिबाची मोटार नदीच्या अलीकडंच लागलेली होती. निघताना त्यानं आपली कोरडी गंजी पिशवीतून काढून गुंडाच्या अंगावर टाकली, अंग पूस म्हणाला, आणि मागं न बघता गेला.

लॉरी सुटल्यावर बाकीचे गडी दिवसभरात काय काय पाहिलं ते सांगू लागले. पोपचा वाडा, सोन्याची छतं, संगमरवरी बायका. कुणीतरी गुंडाला विचारलं की तुला काय आवडलं. गुंडानं पहिल्यांदा घुमटातल्या पावसाचं सांगितलं, मग दुकानातल्या बाईचं, मग जिन्याचं, आणि सांगता सांगता त्याचं सगळं एकमेकांत मिसळून गेलं. सगळे हसायला लागले, तर तोही हसायला लागला, आणि पायगोंडाला म्हणाला, “तूच सांग गड्या पहिल्यापासनं. मलाबी ऐकायचं हाय.”