लाल फुली

भिंत पाहिली आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नव्या चर्चचा आराखडा तिचाच, आणि पूर्वेच्या भिंतीत तिने खिडकी म्हणून उभा क्रूस आखला होता. काच न लावता तो मोकळाच ठेवायचा, म्हणजे त्यातून सकाळचा उजेड आणि वारा आत येईल, गरम हवा छपराखालच्या झरोक्यांतून निघून जाईल आणि एकही यंत्र लागणार नाही. भट्टीचा धूर न करता नुसत्या दाबून केलेल्या मातीच्या विटांची भिंत झकास उठली होती. क्रूस मात्र तिरका झाला होता. चुकलेल्या उत्तरावर मास्तर मारतात तशी भलीमोठी फुली.

ती तापाने अंथरुणात पडली होती, तेवढ्यात हा पराक्रम.

गवंड्याला तिने चांगलंच फैलावर घेतलं. डोळे कुठे गहाण टाकले होते, इथपर्यंत मजल गेली. तो बिचारा नकाशा घेऊन आला. त्यातल्या क्रुसावर लाल स्केचपेनने जाडजूड फुली मारलेली होती. लाल रंगातली दुरुस्ती शेवटची, तीच बांधायची, हा इथला नियम खुद्द तिनेच घालून दिला होता आणि गवंड्याने तो इमानेइतबारे पाळला होता.

“मला वाटलं, ताई, तुम्हीच क्रूस फिरवलात,” तो म्हणाला.

असलं जाड पेन एकाच खिशाला असे. बांधकाम समितीच्या अध्यक्षाच्या, म्हणजे तिच्या सख्ख्या मामाच्या. त्याला सगळं बंद करून एसी बसवायचे होते, समितीने ते धुडकावलं होतं. मग भाचीची पाठ वळताच त्याने गुपचूप फुली मारून खिडकीच रद्द केली. तोंडावर सांगायला जीभ रेटली नाही, याचाच तिला जास्त संताप आला. तिची आई, त्याच्याच पाठची बहीण, दम्यापायी कोंदट जुन्या चर्चच्या पायरीवर बसून प्रार्थना ऐकत आली होती. हा वारा तिच्यासाठी होता. एसीच्या गारठ्यात तिच्या नशिबी पुन्हा पायरीच.

मामा आला, भिंतीकडे बघून आधी हसला आणि मग गवंड्याला म्हणाला, बुजवून टाक. बिशप येतील, चार माणसांत शोभा नको.

“बिशप विचारतीलच, हा तिरका क्रूस कुणाचा,” ती म्हणाली. “सांग, माझा. बहिणीचा वारा तोडायला फुली मारली होती.”

मामाचं हसू मावळलं. गवंड्याने नकाशा पुढे केला. “बुजवायचं तर इथे दाखवा, साहेब.”

मामाने पेनाचं टोपण काढलं. फुलीतून आलेल्या वाऱ्याने कागद फडफडला, तसा त्याने तो दाबून धरला. आपण पुन्हा फुलीच मारणार आणि हा ती पुन्हा बांधणार, हे त्याच्या तेव्हा ध्यानात आलं. गवंडी टक लावून पेनाच्या टोकाकडे बघत होता.

मामाने टोपण लावलं.

“आईची खुर्ची इथे,” तिने फुलीखालची जागा दाखवली. “आणि ती खुर्ची उचलून आत तू आणायचीस.”