अकरावी बादली

घरात तीन सुना, त्यातली ही मधली. म्हणून सगळी गल्ली तिला मधलीच म्हणायची. धाकटी नवऱ्याच्या नोकरीपायी परगावी गेली होती. थोरली आणि तिचा नवरा शेजारच्या शेडमध्ये साच्यातून प्लास्टरच्या मूर्ती काढायचे, आणि मधली आपल्या शेडमध्ये एकटी बसून मातीचे गणपती घडवायची. पाण्यात ठेवला की एका रात्रीत विरघळणार, आणि खाली उरलेला गाळ कुंडीत जाणार. या गोष्टीचा तिला अभिमान होता, आणि तो लपवून ठेवण्याच्या भानगडीत ती कधी पडली नाही.

तिचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक म्हणजे बाई. चौथीत त्यांनीच तिला शिकवलं होतं. निवृत्त झाल्यावर बाईंनी आपल्या इमारतीत एकच ध्यास घेतला: तळ्यात मूर्ती सोडायच्या नाहीत. दोन वर्षं त्या सेक्रेटरींशी भांडल्या, घरोघर जिने चढल्या, आणि यंदा अकरा घरं तयार झाली. मातीची मूर्ती आणायची, अंगणात आपापल्या बादलीत विसर्जन करायचं, आणि माती इमारतीच्याच बागेत घालायची. त्या बैठकीत बाईंनी मधलीला शेजारी उभं करून सांगितलं होतं, "हिच्या हातची मूर्ती डोळे मिटून घ्या. हिची जबाबदारी माझ्यावर."

अकराच्या अकरा मूर्तींचं काम मधलीकडे आलं. तिने ते आनंदाने घेतलं, आणि वर बाहेरचंही घेतलं. नाही म्हणायला जीभ वळली नाही. बाई घरच्याच, त्यांची शेवटी केली तरी चालेल, असं म्हणत बाईंची मूर्ती सगळ्यात मागे पडली. ओली राहिली म्हणून मधलीने तिच्यावर पंखा लावला. असा पंखा लावायचा नसतो, हे तिने स्वतः दहाजणांना शिकवलं होतं.

सणाच्या आदल्या दिवशी सकाळी तिने शेड उघडली, तेव्हा मूर्तीच्या पोटावरून आडवी भेग गेली होती. सोंड आणि उजवा हात पाटावर पडले होते.

थोरली दारातूनच म्हणाली, "आता रडत काय बसतेस? माझ्याकडची एक घे. उंची तेवढीच आहे. वरून मातीचा हात फिरव नि रंग दे."

"बाईंना प्लास्टरची देऊ?"

"बाई काय मूर्ती फोडून बघणार आहेत?"

मधलीने फोन हातात घेतला. बाईंचा नंबर काढला. 'मूर्ती मोडली' एवढे दोनच शब्द बोलायचे होते. पण डोळे मिटून घ्या, हे शब्द कानात वाजत राहिले, आणि तिने फोन खाली ठेवला. अर्ध्या तासात ती थोरलीच्या मूर्तीवर पातळ माती फिरवत होती.

दुपारी बाई मूर्ती न्यायला आल्या. उचलताना थबकल्या. "यंदा हलका लागतोय गं."

"आतून पोकळ ठेवलाय, बाई. तुमच्या मनगटाला त्रास नको म्हणून."

बाईंचा चेहरा खुलला. "माझं मनगट लक्षात ठेवलंस तू!" त्यांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. मधलीला वाटलं, त्यापेक्षा थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

सण पार पडला. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंचा फोन आला. "जरा येऊन जातेस का? बाकीचे दहा विरघळले, माझाच तेवढा बसून राहिलाय."

अंगणात अकरा बादल्या ओळीने मांडल्या होत्या. प्रत्येकीवर खडूने घराचा नंबर घातलेला. दहा बादल्यांत गाळ बसला होता. अकरावीत रंग उडालेला, पांढराफटक गणपती गळाभर पाण्यात जसाच्या तसा बसलेला. बाई स्टुलावर बसून लाकडी दांड्याने पाणी ढवळत होत्या. मनगटाला पट्टी बांधलेली.

सेक्रेटरी जिन्यात उभे होते. "काय बाई, जगाला माती आणि स्वतःला प्लास्टर का?" दोघंतिघं हसले. हसणाऱ्यांत बाईंनी समजावून तयार केलेलेही होते.

बाईंनी तिकडे लक्ष दिलं नाही. त्या हळूच मधलीला म्हणाल्या, "मी पाणी कमी घातलं का गं? गरम पाणीही ओतून पाहिलं. काय चुकलं असेल?"

खरं सांगायला याहून सोपी वेळ पुन्हा येणार नव्हती. मधलीने तोंड उघडलं, आणि तोंडातून निघालं, "काही माती चिवट असते, बाई. दोन दिवस थांबा. होईल."

"असं होय," म्हणत बाईंनी पुन्हा दांडा हातात घेतला.

ते दोन दिवस मधलीला खाल्लेलं गोड लागलं नाही. झाडायला घेतलेली शेड अर्धीच राहायची. थोरली म्हणाली, "विसरतात गं लोक. महिनाभराने कुणाच्या लक्षातही राहणार नाही." पण तिसऱ्या दिवशी थोरलीच एक बातमी घेऊन आली. तिचं एक गिऱ्हाईक त्या इमारतीत राहायचं. बाईंनी इमारतीची कमिटी सोडली होती. पुढच्या वर्षीपासून ज्याने त्याने आपल्या मनाचं करावं, असं ठरत होतं.

"आणि बाई काय म्हणाल्या?" मधलीने विचारलं.

"म्हणाल्या, ती पोरगी मला फसवणार नाही. चूक माझीच असणार."

मधलीने पायात चपला सरकवल्या आणि तशीच निघाली.

अंगणात बैठक सुरू होती. सात-आठ माणसं खुर्च्या टाकून बसली होती, बाई कडेला. मधली मधोमध जाऊन उभी राहिली. वाटेत जुळवलेली वाक्यं सगळी पळाली.

"ती मूर्ती प्लास्टरची आहे," ती म्हणाली. "मी दिली. बाईंची माझ्या हातून मोडली, म्हणून शेजारची आणून रंगवली. त्यांना काही माहीत नव्हतं. परवा त्यांनी विचारलं, तेव्हाही मी खोटंच सांगितलं."

बाई उठल्या आणि म्हणाल्या, "वर चल."

वर स्वयंपाकघरात त्यांनी तिला पाणी दिलं. पाण्यात सारखे राहून त्यांच्या हातांची कातडी सोलवटली होती. मधलीला तिकडे बघवेना.

"मोडली म्हणून सांगितलं असतंस, तर मी मातीचा नुसता गोळा नेऊन बसवला असता," बाई म्हणाल्या.

"माहीत आहे, बाई."

"माहीत होतं ना? मग?"

माहीत होतं, हीच तर खरी अडचण होती.

"प्लास्टरचा मला एवढा राग नाही. घाबरलीस, चुकलीस. पण परवा माझ्या शेजारी उभी राहून तू मला चिवट माती सांगितलीस. आणि मी तुझं ऐकून पुन्हा ढवळायला बसले." बाईंचा आवाज चढला नाही. "आता जा तू."

मधली बादली उचलून मूर्तीसकट घरी घेऊन आली. थोरलीने नजर चुकवली, आणि त्या विषयावर दोघी जावा पुन्हा कधी बोलल्या नाहीत.

इमारतीचं तसं बरंच झालं. बाईंना लोकांनी कमिटीवर परत आणलं. अकरातली नऊ घरं मातीवर टिकली. सेक्रेटरींनी कुरकुरत का होईना, बागेला नवं कुंपण घालून दिलं. फक्त बाईंचा फोन मधलीला आला नाही. दहा महिने नाही.

पुढच्या सणाला दोन महिने असताना एका सकाळी बाई शेडच्या दारात उभ्या दिसल्या. जुनी साडी, खांद्याला पिशवी.

"माती दे," त्या म्हणाल्या. "माझी मूर्ती मीच करणार आहे. तू फक्त चुकेल तिथे सांग."

त्या रोज दोन तास यायच्या. कामापुरतं बोलायच्या. मूर्ती एका अंगाला कलली, कान लहानमोठे झाले. मधलीचे हात शिवशिवायचे, पण विचारल्याशिवाय तिने बोट लावलं नाही. ही माफी आहे की शिक्षा, ते तिला कळेना, आणि विचारण्याचा हक्क आपण गमावलाय, एवढं तिला कळत होतं.

शेवटच्या दिवशी डोळे रेखायचे राहिले. बाईंचं मनगट थरथरत होतं.

"बाई, डोळे मी काढू का?" मधलीने विचारलं.

बाईंनी कुंचला हातात घेतला. "नको," त्या म्हणाल्या. "पाट हलतोय, तो धर."

मधली खाली बसली आणि तिने दोन्ही हातांनी पाट घट्ट धरला.