रोसाच्या संध्याकाळी मी मुका झालो

मी एक जुना व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर आहे. माझं नाव घेताना जीभ अडखळते ना, मित्रांनो? मालवणात कुणी घेतच नसे. सगळे मला 'मशीन' म्हणायचे. म्हणेनात बापडे!

मुंबईच्या एका लहानशा कारखान्यात मी जन्मलो. तिथल्या हॉटेलात गिटार वाजवणाऱ्या लिनोने मला घेतलं. माझा स्पीकर वेगळ्या खोक्यात होता आणि आम्हा दोघांमध्ये एक वायर. गिटारचा आवाज मोठा करून मी त्या वायरीतून पाठवायचा आणि स्पीकरने तो गायचा, असा आमचा संसार. मी चालू असताना वायर सुटली, तर सगळा जोर माझ्यातच कोंडतो आणि मी आतून जळतो.

त्रेसष्ट साली लिनोच्या बहिणीचं, लिंडाचं, लग्न ठरलं. लग्न होताच ती नवऱ्याबरोबर आफ्रिकेला जाणार होती. लिनो मला गादीत गुंडाळून बोटीने मालवणला घरी घेऊन आला. लिंडा त्याला म्हणाली, "पप्पांचां तां गाणां रोसाक वाजय रे. माका तां कानात घेवन जावचां आसा." ते गाणं नेहमी म्हणणारे तिचे पप्पा तेव्हा हयात नव्हते.

रोस म्हणजे लग्नाच्या आदल्या दिवशी नवरीला नारळाचा रस लावतात तो सोहळा. मांडव भरला. लिनोने मला चालू केलं आणि तो कपडे बदलायला आत गेला. इतक्यात चर्चमध्ये संध्याकाळच्या प्रार्थनेची घंटा झाली. ही घंटा झाली की आमच्याकडे हातातलं काम हातातच राहतं. सगळे उभे राहिले, पण मी मेला घूं घूं करतोय! लिनोची आई कोन्सेसांव चिडली. "घंटा जाली, गप रव!" म्हणत तिने स्पीकरची वायरच उपटली. प्रार्थना झाली आणि पाहुण्यांच्या गडबडीत ती वायरीचं विसरली.

लिनो आला आणि त्याने तार छेडली. आवाज नाही. "हो आवाज खंय गेलो?" म्हणत त्याने माझं आवाजाचं बटण शेवटपर्यंत पिळलं आणि जोरात वाजवलं. अरे, थांब रे बाबा! पण मी सांगणार कसा? माझा ट्रान्सफॉर्मर जळाला. करपट वास मांडवभर पसरला.

लिनोने नुसत्या गिटारवर गाणं वाजवलं, पण मांडवातल्या गलक्यात ते लिंडापर्यंत पोचलंच नाही. ती रडली आणि लग्न लागल्यावर तशीच आफ्रिकेच्या बोटीत बसली. मला इतकं वाईट आयुष्यात कधी वाटलं नाही.

पुढे लिनोने नवा ट्रान्सफॉर्मर बसवला. वायर डाख देऊन पक्की केली आणि तरीही सुटलीच तर भार पेलायला आत एक जाड रेझिस्टर जोडला. तेवढंच तर हवं होतं मला! मित्रांनो, तुमच्या घरी माझा कुणी भाऊबंद असेल, तर वायरीला हात लावण्याआधी त्याचं बटण बंद करा. बटण बंद केलं की आम्ही नुसते झोपतो.

आता लिनो सुट्टीत आला की घंटेच्या आधी मला बंद करतो. प्रार्थना आटोपली की कोन्सेसांव म्हणते, "आता लिंडाचां वाजय." मी जीव ओतून गातो. गाणं संपतं. कोन्सेसांव समुद्राकडे तोंड करून विचारते, "आयकलंस गो बाये?"